ओळखीच्या खुणा

आचारसंहिता लागली की
परवान्याची हत्यारं सदर ठाण्यात जमा होतात.
बँकेच्या रखवालदारांच्या बारा बोअर,
सराफांची पिस्तुलं,
एका डॉक्टरचं रिव्हॉल्व्हर, लोकरीच्या मोज्यात.
मी मालखान्याचा हवालदार, कुमरे.
सुतळी, लाख, चिठ्ठी, सही.

श्रीमती हिल्ला दस्तूर दर निवडणुकीला येतात,
ऑटोतून, मांडीवर लांब कातडी पेटी
सतारीसारखी आडवी धरून.
यंदा म्हणाल्या, परत नेणार नाही.
मुलगा मेलबर्नला,
तो आता अंडंसुद्धा खात नाही.

पेटी उघडली.
दुनळी, चारशे सत्तर बोअर, लंडनची बनावट,
वजन पाच किलोला थोडं कमी.
बाजूच्या पोलादी पट्टीवर कोरलेला वाघ.
कोरणाऱ्याने वाघ पाहिला नसावा,
तोंड पाळीव कुत्र्याचं आहे.
दस्ता अक्रोडाचा, टोकाचं रबर मात्र इथलं,
मोमिनपुऱ्यात कुणीतरी टायर कापून बसवलेलं.
सत्तेचाळीसला जंगलखात्याचा एक साहेब घर आवरत होता,
तेव्हा पियानो, बर्फाची पेटी आणि ही,
तिन्ही एका पावतीवर सासऱ्यांनी घेतली.
"पियानोला वाळवी लागली," बाई म्हणाल्या,
"हिला काहीच होत नाही."

रजिस्टरचा रकाना : ओळखीच्या खुणा.
दस्त्याच्या आतल्या अंगाला खाचा आहेत.
बोटाने मोजल्या. परत मोजल्या.
सतरा उभ्या, एक आडवी.
"आडवी रानगव्याची असेल."
असेल.

माझा आजा मंगरू, देवलापारकडचा.
साहेबाची दुसरी बंदूक तो धरायचा.
साहेब पुढे, हात मोकळे,
आजा मागे, दोन पावलं.
पाचवीत मास्तरांनी फळ्यावर लिहिलं,
दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे.
अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा.
मी हात वर केला नाही.

उजवा खांदा दोन बोटं खाली होता त्याचा,
पुरला तेव्हाही तसाच.
विचारलं तर म्हणायचा,
"बंदूक जड नोती बापू.
सायब थांबे, तवा जड होये."

धाकटा भाऊ चैतू हाक्यात, रॉकेलचा डबा वाजवत.
एका थंडीत डबा परत आला.
वाघाने की गोळीने, आजा सांगत नसे.
बारा रुपये मिळाले, एवढं सांगे,
आणि त्यात घेतलेल्या गोऱ्ह्याचं नाव :
सायब्या.

एकदा त्याला अजब बंगल्यात नेलं होतं.
पेंढा भरलेल्या वाघासमोर तो इतका वेळ उभा राहिला
की काचेवर वाफ धरली.
बाहेर आल्यावर म्हणाला, डोळे चुकले.
येवढे पिवळे नसतात.

तीच ही बंदूक, असं काही नाही.
अशा कितीतरी आल्या असतील जहाजांनी,
आणि खांदेही काही थोडे नव्हते.

नियमाप्रमाणे मोडून, नळ्या उजेडाकडे धरल्या.
गोळी नाही.
आत उजेड पीळ घालत जातो,
दूर टोकाला कूलरची जाळी, वाळ्याचा ओला तुकडा
आणि त्यातलं पाणी चोचीने ओढणारा
एक व्हला.
डोळा काढला तरी मी काही वेळ
श्वास धरून होतो.

"हिचं काय करतात?"
"हुकूम आला की गॅसने कापतात."
"तुकडे?"
"तीन."
त्यांनी सही केली, झोकदार, जुन्या वळणाची.

उचलली, आणि हात कसा वळला कोण जाणे,
खांद्यावर टाकली.
रॅकपर्यंत अकरा पावलं.
सातव्यावर बाई मागून म्हणाल्या,
"जरा थांबा."

थांबलो.
त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या,
बराच वेळ.